मेंदूतलं प्रोटीन, आईचं विसरणं आणि अमेरिकेतला भाऊ

चष्मेवाली

मंडळी, सल्ला हवाय, आणि थोडं शास्त्रही समजून घ्यायचंय.

आई ७४ वर्षांची. इंदूरला, सुदामानगरात माझ्याजवळ असते. गेल्या वर्षभरात बारीकसारीक गोष्टी जाणवायला लागल्यात. सकाळी सांगितलेलं दुपारी पुन्हा सांगते. दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले (तो भला माणूस, परत आणून दिले त्याने). पुरणात जायफळ घातलं का, हे पुरण वाटून होईपर्यंत विचारत राहते. उलट रामरक्षा एक अक्षर न चुकता. कुणाच्या लग्नात कोण आणि का रुसलं होतं, तेही सगळं तपशीलवार.

भाऊ न्यू जर्सीला. त्याचं म्हणणं, आता अल्झायमर रक्तातून कळतो, पी-टाऊ २१७ नावाच्या प्रोटीनची तपासणी आहे, ती करून टाक. लॅबवाला म्हणतो नमुना बाहेरगावी जाईल. मी अडून बसलेय. मेंदूत हे प्रोटीन साचलं म्हणजे माणूस विसरणारच का? किती साचलं की किती विसरेल, असा काही हिशेब आहे? नसेल तर तो कागद हातात घेऊन मी काय करू?

पोहेजिलेबी

जिमवाला रोज ओरडतो, प्रोटीन वाढवा. इथे म्हणताय प्रोटीन साचलं तर वाट लागते. भिया, एकदा काय ते ठरवा, तोवर मी जिलेबी खातो.

पेशीवाला

पोहेजिलेबी, जिमवाल्याचं प्रोटीन वेगळं. डाळ खात राहा.

चष्मेवालीताई, (निवृत्त मास्तर आहे, बायोकेमिस्ट्री शिकवायचो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.) यात प्रोटीनं दोन आहेत आणि तुमच्या हिशेबाचं उत्तर दोघांसाठी वेगळं आहे.

पहिलं अमायलॉइड बीटा. चेतापेशीच्या आवरणात एपीपी नावाचं लांबलचक प्रोटीन असतं. दोन विकरं (एन्झाइम) ते दोन ठिकाणी कापतात आणि मधला ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. हे तुमच्या-माझ्या मेंदूत रोज चालू असतं, त्यात रोग काही नाही. मात्र ४२ वाला तुकडा चिकट. त्याचा निचरा कमी पडला की तुकडे एकमेकांना धरतात आणि पेशींच्या बाहेर त्यांचे थर बसतात. तेच प्लाक.

दुसरं टाऊ. हे पेशीच्या आत. चेतातंतूत ज्या सूक्ष्म नळ्यांवरून मालाची ने-आण होते, त्या नळ्यांना हे धरून ठेवतं. रोगात त्याला प्रमाणाबाहेर फॉस्फेट चिकटतं, ते नळ्या सोडतं आणि आपसात पीळ घालून त्याच्या गाठी होतात. आलोइस अल्झायमरने १९०६ मध्ये ऑगस्टे डेटर या आपल्या रुग्ण बाईंच्या मेंदूत प्लाक आणि गाठी दोन्ही पाहिले होते.

आता हिशेब. प्लाक किती आणि विसरणं किती, याचा मेळ नीट बसत नाही. अगदी तल्लख म्हाताऱ्यांचे स्कॅन केले तरी पाचातल्या एकाच्या, वय वाढेल तशा त्याहून जास्त जणांच्या, मेंदूत अमायलॉइड सापडतं. ते साचायला सुरुवात होते लक्षणांच्या १५-२० वर्षं आधी, आणि माणूस विसरायला लागतो तोवर त्याचं बरंचसं साचून झालेलं असतं.

टाऊचं तसं नाही. टाऊच्या गाठी जिथे पोचतात तिथलं काम बिघडतं. हाइको आणि एवा ब्राक या जोडप्याने १९९१ मध्ये त्यांचा रस्ता मांडला: आधी कानशिलामागे आतल्या बाजूचा एन्टोऱ्हायनल भाग, मग शेजारचा हिप्पोकॅम्पस, मग हळूहळू मेंदूचं बाकीचं बाह्यक (वरचा थर). आज घडलेलं नोंदवून घेणं हे हिप्पोकॅम्पसचं काम, म्हणून जायफळ आधी जातं. लहानपणी घोटलेली रामरक्षा त्याच्यावर अवलंबून नाही, ती खूप उशिरापर्यंत टिकते.

कडूकारलं

मास्तर, हे सगळं छापील उत्तर झालं. २००६ सालचा अमायलॉइडवरचा गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला, चित्रांत फेरफार होते म्हणून. त्या पायावर औषध कंपन्यांनी इमले बांधले. आता तेच लोक रक्ततपासणी विकतायत. ताई, भावाला सांगा पैसे पाठव, आईला घेऊन ओंकारेश्वरला जाऊन या.

पेशीवाला

कारलेसाहेब, तो निबंध मागे घेतला हे खरं, पण तो अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाबद्दल होता. अमायलॉइडवरचा संशय त्याच्या कितीतरी आधीचा. एपीपीचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं. डाउन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतात, आणि त्या लोकांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत प्लाक-गाठी जवळपास हमखास दिसतात. काही घराण्यांत हा तुकडा कापण्याच्या जनुकांतच बिघाड असतो, तिथे रोग चाळिशी-पन्नाशीत येतो. हे काही कुणी संगणकावर चित्र बदलून केलेलं नाही.

पण तुमच्या शंकेला धार येईल असं एक उदाहरण देतो. कोलंबियात असंच एक मोठं घराणं आहे. बिघडलेलं जनुक ज्यांच्याकडे, त्यांची स्मृती पंचेचाळिशीच्या आत ढासळायला लागते. त्यातल्या एका बाईंना मात्र सत्तरी उलटेपर्यंत काही झालं नाही. स्कॅन केला तर अमायलॉइड ठासून भरलेलं, टाऊ मात्र फार थोडं. त्यांच्याकडे एपीओई जनुकाचं एक दुर्मिळ रूप दोन्ही पालकांकडून आलेलं निघालं. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे अमायलॉइड आग लावत असेलही, पण घर जळतं ते टाऊमुळे.

रामबागेतला

वाचतोय. आमच्या वडिलांचं, अण्णांचं सांगतो, शास्त्र मास्तरांवर सोडून.

अण्णा हुकुमचंद मिलमध्ये हिशेबनीस होते. मिल १९९१ ला बंद पडली. आजारपणात ते पहाटे उठून शर्ट-पँट चढवून मिलला निघायचे. आई दार अडवायची तर म्हणायचे, 'हजेरी लागेल.' आम्ही शेवटी दाराला वरच्या बाजूला कडी लावली. खालची कडी ते सराईतपणे काढायचे, वर बघायचं त्यांना सुचायचं नाही.

आमच्याकडे प्रोटीनची कुठलीच तपासणी झाली नाही. डॉक्टरांनी आईला आणि मला वेगवेगळं बसवून विचारलं, अण्णांना घड्याळ काढायला लावलं, एमआरआय केला. निदान त्यावर झालं. घड्याळाचे बाराही आकडे एका बाजूला कोंबले होते. ज्या माणसाने आयुष्यभर खतावणी ओळीत लिहिली त्याचा तो कागद बघून मी गाडी पार्किंगमध्येच बराच वेळ थांबवून ठेवली होती.

एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती. अण्णांची हिंदी आधी गेली. चाळीस वर्षं मिलमध्ये, बाजारात, शेजारीपाजारी अस्खलित हिंदी बोलणारा माणूस. आम्ही ठेवलेला मुलगा बिचारा सांगायचा, 'दादाजी कुछ बोलते ही नहीं.' अरे बोलतायत, मराठीत बोलतायत! 'पाणी दे रे' म्हणतायत आणि तो समोर उभा. मग मी त्याला शंभरेक मराठी शब्द लिहून दिले. पाणी, दुखतंय, लघवी, नको, पुरे. निम्मी चिडचिड थांबली. चष्मेवालीताई, रिपोर्ट करा न करा, पण पुढे बाई ठेवायची वेळ आली तर मराठी समजणारी बघा.

पोहेजिलेबी

रामबागवाले, डोळ्यांत पाणी आणलंत, वर सकाळी सकाळी. __/\__

ग्वाल्हेरची_गौरी

इतकं सगळं मेंदूच्या आत शिरण्याआधी बी-१२ तपासलं का? थायरॉइड? आमच्या सासूबाई कट्टर शाकाहारी, वर मधुमेहाची मेटफॉर्मिन कित्येक वर्षं, त्यानेही बी-१२ कमी होतं. माणूस गोंधळलेला, पाय बधिर, रात्री उठून देवघरात सामान लावत बसायचं. आम्ही मनात निदान करून मोकळे झालो होतो. इंजेक्शनं सुरू झाली आणि दोनेक महिन्यांत बाई पूर्वपदावर, आता पुन्हा माझ्या भाकरीच्या कडा मोजतात. 

लघवीवर ताबा राहावा म्हणून देतात त्या काही गोळ्या, जुन्या पद्धतीच्या झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या, यांनीही म्हाताऱ्या माणसाची स्मृती ढवळून निघते. औषधांची सगळी पिशवी डॉक्टरांपुढे ओता. आणि कान! आईला ऐकू नीट येतं ना? न ऐकलेली गोष्ट आठवणार कशी?

मालवी_मिरची

+१ कानाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या दोन हजार चोवीसच्या आयोगाने टाळता येण्यासारखी जी १४ कारणं मोजली त्यात बहिरेपणा बराच वरचा आहे. सगळी १४ आटोक्यात आणली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया (बुद्धिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच एक) टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज. रक्तदाब, साखर, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), धूम्रपान, एकटेपणा, प्रदूषण, नजर, शिक्षण... यादी पाहिली तर अर्धी आपल्या पालकांच्या पिढीत लागू.

हळदीकुंकू

आमच्याकडे रोज हळदीचं दूध. मी वाचलंय की भारतात अल्झायमर कमी आहे तो हळदीमुळे.

पेशीवाला

हळदीकुंकूताई, हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण जगातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी आलं होतं, ते खरं. त्याचं श्रेय हळदीला देणारा पुरावा त्यात नव्हता. त्या भागात एपीओई ४ हा धोक्याचा जनुकप्रकारही कमी आढळला. परीक्षानळीत हळदीतलं कर्क्युमिन अमायलॉइडला चिकटतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं आणि रुग्णांवरच्या चाचणीत फरक दिसला नाही. दूध झोपेसाठी प्या. झोपेचा मात्र संबंध आहे: एक रात्र जागवली तरी निरोगी माणसाच्या मेंदूत अमायलॉइड वाढलेलं स्कॅनवर दिसलंय, २०१८ चा प्रयोग. आणि 'भारतात कमी' हे आता म्हणू नका. साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा २०२३ चा अंदाज आहे.

बडोद्याचा_बाबू

रामबागवाल्यांच्या हिंदीवरून आठवलं. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांचा अभ्यास केला होता, २०१३ चा. ज्यांना एकाहून जास्त भाषा येत होत्या त्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा लागला. आणि हे निरक्षरांतही दिसलं, म्हणजे शाळेचा परिणाम नुसता नव्हे. आम्ही बडोद्याचे लोक घरात मराठी, बाहेर गुजराती, टीव्हीवर हिंदी. मास्तर, प्रोटीन तर भाषा ओळखत नाही, मग हे होतं कसं?

पोहेजिलेबी

आम्ही इंदूरवाले मराठीत हिंदी बोलतो आणि हिंदीत मराठी. पुण्याची आत्या म्हणते तुम्हाला दीड भाषा येते. तर आम्हाला किती वर्षं सूट मिळेल?

पेशीवाला

पोहेजिलेबी, सव्वादोन.

बाबू, प्रश्न मुद्द्याचा. प्रोटीन आणि विसरणं यांच्या मध्ये मेंदूची स्वतःची शिल्लक असते. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ नन्सचा अभ्यास केला. सगळ्या पंच्याहत्तरीपुढच्या, एकसारखं राहणं-खाणं, मरणोत्तर मेंदू संशोधनाला देण्याची तयारी. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत चाचण्यांत चांगले गुण. मेंदू उघडला तर प्लाक आणि गाठी भरपूर. शिवाय, विशीत लिहिलेल्या आत्मवृत्तात ज्यांची वाक्यं विचारांनी भरलेली होती त्यांच्यात पुढे अल्झायमर कमी आढळला.

पेशी पेशीशी जिथे जोडली जाते ते सांधे, सिनॅप्स, किती उरलेत यावरच शेवटी बुद्धीचं काम ठरतं. १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी यांच्या गटाने मोजून दाखवलं की प्लाक किंवा गाठींपेक्षा सिनॅप्सची घट बुद्धिभ्रंशाशी जास्त घट्ट जुळते. ज्याच्याकडे जास्त सांधे, जास्त पर्यायी वाटा, त्याचा तोच टाऊ उशिरा जाणवतो. याची दुसरी बाजूही आहे: अशा माणसाचं विसरणं दिसायला लागतं तेव्हा आतलं नुकसान खूप झालेलं असतं, म्हणून पुढची घसरण झपाट्याने होते.

मेंदूवैद्य

उशिरा आलो. न्यूरॉलॉजी करतो, इंदुरातच. मूळ प्रश्नावर येतो, कारण धागा हळदीपासून दीड भाषेपर्यंत फिरून आला.

पी-टाऊ २१७: नावात टाऊ असलं तरी रक्तातलं हे प्रमाण वाढतं ते मुख्यतः अमायलॉइड साचायला लागल्यावर. ब्राकच्या रस्त्यावर टाऊ कुठवर पोचलाय हे तो आकडा नीट सांगत नाही. अमेरिकेत मे २०२५ मध्ये या प्रकारच्या पहिल्या तपासणीला मंजुरी मिळाली, तीही ५५ वर्षांपुढच्या, लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञाकडे आलेल्या रुग्णांसाठी. धडधाकट माणसाने हौसेने करायची ही तपासणी नव्हे. मूत्रपिंड कमजोर असेल तर आकडा उगाच वाढतो. निगेटिव्ह आली तर खूप उपयोगी, दुसरं कारण शोधता येतं. पॉझिटिव्ह आली तर 'आईच्या मेंदूत बहुधा अमायलॉइड आहे' इतकंच. किती वेगाने घसरेल, कधी, हे नाही. सत्तरीपुढे तर बहुतेकदा मामला मिश्र असतो: सोबत छोट्या रक्तवाहिन्यांचे घाव, लुई बॉडी (पेशींत साचणारे आणखी एका प्रोटीनचे गोळे), टीडीपी-४३ नावाचं वेगळंच प्रोटीन.

मग कुणाची करायची? ज्याच्या निकालावर पुढचं काही ठरणार असेल त्याची. लेकानेमॅबसारखी अमायलॉइड साफ करणारी औषधं सुरुवातीच्या टप्प्यातच चालतात. लेकानेमॅबच्या चाचणीत १,७९५ लोक, १८ महिने, घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. घसरण थांबली नाही, आणि गेलेलं परत आलं नाही.

कडूकारलं

२७ टक्के ना? मी मूळ आकडा पाहिलाय. १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक ०.४५. पाव-अर्ध्या गुणासाठी दर दोन आठवड्यांनी सलाईन, वरचेवर एमआरआय, आणि मेंदूला सूज. डॉक्टर, तुम्ही तुमच्या आईला द्याल?

मेंदूवैद्य

आकडा बरोबर आहे. सूज आठातल्या एकाला दिसली, बहुतेकांना जाणवलीही नाही, पण रक्तस्रावाचा धोका खरा आहे आणि एपीओई ४ च्या दोन प्रती असणाऱ्यांत सर्वांत जास्त. आईबद्दल विचारलंत तर: ती रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे, त्यामुळे नाही.

पण या धाग्याला साजेशी गोष्ट दुसरी. डोनानेमॅब या त्याच प्रकारच्या औषधाच्या चाचणीत टाऊ आधी मोजला होता. टाऊ कमी-मध्यम असलेल्यांत घसरण ३५ टक्क्यांनी मंदावली, जास्त टाऊवालेही धरले तर फायदा २२ वर उतरला. अमायलॉइड दोन्हीकडे झकास साफ झालं होतं.

पोहेजिलेबी

म्हणजे पिवळी कचरागाडी घंटी वाजवत आली, सगळा कचरा उचलला, स्वच्छतेत पहिला नंबर. पण उंदीर तोवर घरात शिरले होते.

पेशीवाला

मी ३० वर्षं शिकवलं, इतकं थोडक्यात जमलं नाही कधी.

जुनी_छावणी

माझं वय अठ्ठ्याहत्तर. या धाग्यावर बहुधा मीच सर्वांत म्हातारा, म्हणून थोडं कडू बोलतो, कारलेसाहेबांची परवानगी गृहीत धरून.

इतके प्रतिसाद झाले. भाऊ काय म्हणतो, बहीण काय म्हणते, डॉक्टर काय म्हणतात. आईला कुणी विचारलं? ७४ व्या वर्षी रामरक्षा म्हणणारी, दूधवाल्याशी व्यवहार करणारी बाई आहे ती, तिच्या पाठीमागे तिच्या रक्ताचा निर्णय चाललाय. मला विचाराल तर मला कळायला हवं. बँकेच्या सह्या, घराचे कागद, मृत्युपत्र, हे मी डोकं चालू असताना करीन, माझ्या हाताने. आमचे एक स्नेही आहेत, त्यांना अजिबात कळायला नको. तेही बरोबर. पण दोघांनाही विचारायला हवं ना? तुम्ही सगळे आम्हाला सामान समजून कुठे ठेवायचं याची चर्चा करता. नंतर मग सही घ्यायला येता आणि म्हणता, अंगठा चालेल.

मालवी_मिरची

काका, दंडवत.

कडूकारलं

काकांशी सहमत. (हे वाक्य मी या साइटवर पहिल्यांदाच टंकतोय.)

चष्मेवाली

सगळ्यांचे आभार. काकांचा प्रतिसाद रात्री वाचला आणि सकाळी चहाच्या वेळी आईला सरळ विचारलं. ती आधी म्हणाली, 'मला वाटलं तुला अजून लक्षात आलं नाही.' म्हणजे बाईसाहेब स्वतः केव्हापासून ओळखून होत्या आणि माझ्यापासून लपवत होत्या. कपाटात एक वही निघाली: गॅस कधी लावला, गोळी घेतली का, कोण येऊन गेलं. दूधवाल्याची नोंदही आहे, दोनदा!

तिच्या अटी: आधी गौरीताईंची यादी, म्हणजे बी-१२, थायरॉइड, कान, औषधांची पिशवी. मग मेंदूच्या डॉक्टरकडे, आणि ते म्हणाले तरच रक्त बाहेरगावी. रिपोर्ट आला तर लिफाफा तिच्या हातात. 'तुझ्या भावाला मी सांगीन, मला वाटेल तेव्हा.' भावाला हे कळवलं, तो रुसलाय. न्यू जर्सीतून रुसायला काय जातंय.

बी-१२ कमी आलंय, पण फार नाही. कानाची तपासणी शनिवारी.

ग्वाल्हेरची_गौरी

वही! आई ग्रेट आहेत. कानाचं यंत्र घेतलंत तर पहिले काही आठवडे ती 'आवाज फार होतो' म्हणून काढून ठेवतील. सुरुवातीला रोज थोडा वेळ, घरातच, टीव्ही बंद करून घालायला लावा.

रामबागेतला

आणि एल्डरलाइनचा १४५६७ हा क्रमांक लिहून ठेवा, ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी आहे.

नवा_पालासिया

धागा आताच वाचला. थोडं अवांतर. बाबांना विसरण्यासाठी डोनेपेझिलची गोळी सुरू केलीय. त्याने हे प्रोटीन कमी होतं का? आणि गोळी सुरू झाल्यापासून रात्री फार स्वप्नं पडतात म्हणतात, काल झोपेत चक्क भांडत होते.

मेंदूवैद्य

नाही. डोनेपेझिल ना अमायलॉइडला हात लावतं ना टाऊला. उरलेल्या पेशींमध्ये निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन लवकर मोडू देत नाही, त्यामुळे काही काळ काम जरा बरं चालतं. स्वप्नं त्याचीच. गोळी रात्रीऐवजी सकाळी न्याहारीनंतर देता येईल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मळमळ, जुलाब झाले तर सांगा. नाडी मोजत चला, हे औषध ठोके मंद करतं. चक्कर येऊन पडले किंवा ठोके पन्नासच्या खाली दिसले तर लगेच दाखवा.

नवा_पालासिया

धन्यवाद डॉक्टर. भांडण कोणाशी होतं ते विचारलं, तर म्हणे नगरपालिकेशी.